टाक्यातल्यांचं पान

पट्टी पुन्हा गुलाबी झाली तेव्हा मी यशश्रीच्या हातातून ती हिसकूनच घेतली.

"तू उलटी बुडवली असशील," मी म्हटलं.

"मामी, कशीही बुडवली तरी रंग तोच येतो." तिचा आवाज रडवेला झाला होता, म्हणून मी पुढचं गिळून टाकलं. नाही तर माझं तोंड बंद होणं कठीण, हे सिहोऱ्याच्या रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे.

यशश्री माझ्या नणंदेची मुलगी. तिकडे शहरात, नेपियर टाउनात राहते, कॉलेजात शिकवते, आणि घाण पाण्यावर तिचा इतका जीव आहे की तिला आलेल्या स्थळांसमोरही तिनं गटाराच्याच गोष्टी काढल्या. आमच्या डेअरीच्या मागची दोन टाकी तिनंच बांधून घेतली. बारा म्हशींचा गोठा धुतला की शेणामुताचं जे पाणी निघतं, ते ह्या दोन टाक्यांतून साफ होऊन मग नाल्यात जातं. शेवटच्या पाण्यात तिची कागदी पट्टी बुडवायची. पांढरी राहिली तर पाणी चांगलं. गुलाबी झाली तर त्यात नायट्रेट नावाचं विष आहे.

आणि गुरुवारी प्रदूषणाच्या ऑफिसातून माणूस येणार होता, बाटलीत पाणी भरून न्यायला. ते पाणी नापास झालं तर आमच्या म्हशींना इथून उठावं लागणार होतं. नोटिशीत तसं साफ लिहिलं होतं. माझे मिस्टर, दिवाकर, म्हणून राहिले होते की मझौलीकडे जागा पाहू. मी म्हटलं, पाहा खुशाल. मी आणि म्हशी इथंच बसतो, कोण उठवतो ते बघू. म्हटलं खरं, पण ती नोटीस मी रोज काढून वाचायची.

तक्रार कोणी केली? अंजनीनं! आमच्या उताराला तिचं शेत, नाला तिच्या विहिरीपाशी वळतो. लग्न होऊन आम्ही दोघी एकाच वर्षी इथं आलो. तिच्या घरचं लोणचं माझ्या घरी मुरायचं, माझ्या घरचं विरजण तिच्याकडे जायचं. उन्हाळ्याच्या आधी तिची मुलगी बाळंतपणाला आली, तेव्हा डॉक्टरनं विहिरीचं पाणी तपासून घ्यायला लावलं आणि सांगितलं, लहान बाळाच्या दुधात हे पाणी एक थेंब नको, बाळ निळं पडेल. तेव्हा ही बाई माझ्या दारावरून सरळ ऑफिसात गेली. माझ्याशी एक शब्द नाही. तिचं काही चुकलं असं मला मनातून वाटत नव्हतं, आणि म्हणूनच माझा राग आणखी भडकत होता.

तर टाकी. बांधकाम चालू होतं तेव्हा मी यशश्रीच्या मागे-मागे असायची. मला समजल्याशिवाय माझ्या अंगणात काही होत नाही.

"ह्यात औषध कोणतं टाकशील?" मी विचारलं होतं.

"कोणतंच नाही. काम जीव करतात मामी. इतके बारीक की दिसत नाहीत."

"किडे?"

"किड्यांहूनही बारीक. बॅक्टेरिया. आपण दही लावतो ना, तसेच, फक्त दुसऱ्या जातीचे." मग तिनं समजावलं. पहिल्या टाक्यात खालून मशीननं हवा सोडायची. म्हशीच्या मुताचा तो डोळ्यांत झोंबणारा वास असतो, अमोनियाचा, तो तिथले जीव खातात. वास जातो, पण त्याचं नायट्रेट होऊन पाण्यातच राहतं.

"म्हणजे अर्धंच काम झालं," मी म्हटलं.

"बरोब्बर! उरलेलं दुसऱ्या टाक्यात. ते बंद, त्यात हवाच नाही. तिथल्या जीवांना श्वास तर घ्यायचाच आहे, मग ते नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. मागे राहतो तो नायट्रोजन बुडबुडे होऊन निघून जातो. त्याचा काही त्रास नाही. आत्ता तुम्ही श्वास घेऊन राहिल्या ना, त्यातही बहुतेक तोच आहे."

बाप्पा! म्हशीचं मूत माझ्या नाकासमोर हवा होऊन उडून जाणार आणि मला पत्ता नाही? मला काही पटेना. म्हणून दुसरं टाकं सुरू झाल्यावर मी त्याच्या फरशीच्या फटीला डोळा लावून बसली. खरंच बारीक-बारीक बुडबुडे येत होते, खीर शिजताना येतात तसे. मग मला सवयच लागली. दुपारचा चहा मी तिथंच घ्यायची. मिस्टर म्हणायचे, टीव्ही काढून टाकू का?

पावसाळाभर पट्टी पांढरी राहिली. यशश्री इतकी खूश की फोनवर दर आठवड्याला तिच्या कॉलेजातल्या कोणाला तरी आमचं टाकं सांगायची. आणि मग पितृपक्ष लागला, चार-पाच दिवस झाले, आणि पट्टी गुलाबी.

मिस्टरांचं निदान तयारच होतं. "आईचा राग आहे," ते म्हणाले. "तिच्या गोठ्यात मशीन लावलेलं तिला आवडलं नसतं."

"तुमच्या आईला मिक्सरही आवडत नव्हता," मी म्हटलं, "पण चटणी चाटून-पुसून खायच्या ना?"

यशश्री तिकडे हवेचं मशीन उघडून बसली होती. मशीन ठीक. पहिल्या टाक्यातून अमोनिया ठरल्याप्रमाणे जात होता. म्हणजे बिघडलं ते दुसरं टाकं. तिथले बुडबुडे बंद. पाणी गपगार.

"मामी, कोणी फिनाइल तर नाही ओतलं?"

"माझ्या गोठ्यात फिनाइल? म्हशीच्या सडाला लागलं तर दुधात कोण पिणार ते, तू?"

"मग काय बदललं? आठवा ना. काहीतरी नक्की बदललं आहे."

"पितृपक्ष लागला. बाकी जसंच्या तसं आहे."

"बॅक्टेरियाला पितृपक्ष काय माहीत!" ती चिडून म्हणाली, आणि माझ्यासारखीच पाय आपटत निघून गेली. रक्त नाही माझं, पण स्वभाव कुठून घेतला कोण जाणे.

मग नवमी आली. माझ्या सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पान नवमीला असतं, आणि त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालायचं असतं. त्या गेल्या तेव्हापासून ही सवाष्ण म्हणजे अंजनी. दुसरी कोणी कधी बसलीच नाही त्या पाटावर.

"बोलावून येऊ का तिला?" मिस्टरांनी हळूच विचारलं.

"काही गरज नाही. आपल्या म्हशी उठवते, तिला मी वडे वाढू?"

"मग दुसऱ्या कोणाला सांगू?"

"दुसरं कोणी नको," मी म्हटलं, आणि कढई जोरात खाली ठेवली. 

वडे झाले, खीर झाली, कढी झाली. यशश्री सकाळीच पट्ट्या घेऊन आली होती, तिला म्हटलं जेवूनच जा. गाईचं पान दिलं, कुत्र्याचं दिलं. कावळा मात्र येईना. भिंतीवर पान ठेवून मी किती वेळ काव-काव केलं, घसा बसला. सासूबाई जिवंतपणीही अशाच रुसायच्या, दहा वेळा हाका मारल्याशिवाय पानावर येत नसत. शेवटी मी पान उचललं आणि मागच्या दुसऱ्या टाक्याच्या फरशीवर नेऊन ठेवलं, तिकडे चिंचेवर कावळे बसतात म्हणून.

पान ठेवलं आणि सवयीनं झटकन पाय मागे घेतला. मग पाहिलं, पाय काहून घेतला मी? तिथं मुंग्या असतात म्हणून. पावसाळाभर त्या कोपऱ्यात लाल मुंग्यांची अशी रांग असायची की चहा पिताना मला पाय वर घेऊन बसावं लागायचं. मी त्यांना शिव्या घालायची, हळद टाकायची, त्या काही हटत नव्हत्या. आणि आज पानात खीर ठेवली आहे, तरी एक मुंगी नाही.

"यशश्री! ह्या मुंग्या कुठं गेल्या गं?"

ती पानं वाढायचं सोडून आली, हात तसाच भाताचा. "कुठल्या मुंग्या?"

"ह्या पाइपापाशी असायच्या त्या."

"पावसाच्या पाण्याच्या पाइपापाशी मुंग्या?"

"पावसाचा कुठला? हा चाशनीचा पाइप आहे."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं माझ्या डोक्यावर कावळा बसला.

आता हे सांगितलं पाहिजे. रस्त्याच्या बाजूला आमचं छोटं दुकान आहे, तिथं आमच्याच दुधाच्या खोव्याची जलेबी होते. सिहोऱ्याच्या बसवाले थांबून घेतात. तुळशीराम नावाचे आमचे हलवाई आहेत, जलेबी तेच करतात. आणि माझा नियम असा की आजची चाशनी, म्हणजे जलेबीचा साखरपाक, उद्या वापरायची नाही. संध्याकाळी काळपट झालेली चाशनी, कढईचं, परातीचं धुणं, सगळं गरम पाण्यानं मोरीत. टाकी बांधत होते तेव्हा मोरीच्या पाण्याचा प्रश्न निघाला. यशश्रीनं बजावलं होतं, पहिल्या टाक्यात गोठ्याच्या पाण्याशिवाय काही जाऊ देऊ नका. आणि तसंही, ज्यात लोकांच्या तोंडी जाणारी जलेबी बुडते ते अन्नाचं पाणी मी शेणामुतात सोडू? छट! दुसऱ्या टाक्यातलं पाणी बरं दिसत होतं. मी गवंड्याला म्हटलं, भैया, इसमें जोड़ दो. त्यानं जोडलं, वरून माती टाकली, टाक्यापाशी पाइपाचं तोंड तेवढं उघडं ठेवलं. यशश्री त्या दिवशी कॉलेजात होती.

"आणि हे मला कोणी सांगितलं नाही!"

"तू विचारलं नाही. मोरीचं पाणी काय वर्तमानपत्रात देऊ?"

"बरं, पण मग आता चाशनी काहून येत नाही?"

"कारण आमच्या घरी पितृपक्षात विकायची कढई चढत नाही. सासूबाईंचा नियम. दुकान बंद, तुळशीराम गावाला..." आणि बोलता-बोलता मीच थांबली.

यशश्री मटकन फरशीवर बसली, कावळ्याच्या पानाच्या बाजूला. आधी हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसली.

"मामी, ते जेवत होते," ती म्हणाली. "नायट्रेट हा त्यांचा नुसता श्वास आहे. श्वासावर कोणाचं पोट भरतं? खायलाही लागतं. मला वाटलं होतं, शेणाच्या पाण्यात जे उरतं ते त्यांना पुरेल. पण पहिल्या टाक्यातले इतके खादाड, की खालच्या पंगतीला काही उरवतच नाहीत. माझं टाकं तुमच्या जलेबीवर चालून राहिलं होतं, आणि मी कॉलेजभर सांगत फिरली की हिशोब बरोबर आला!"

"मग काय झालं? तू जागा बांधली, मी जेवण दिलं. घर असंच चालतं," मी म्हटलं. ती नाक पुसत हसली. मला त्या पोरीचं इतकं कौतुक वाटलं की मी तिच्या डोक्यावर टपली मारली.

"आता उपाशी आहेत, मेले नाहीत. आजच साखरेचं पाणी दिलं तर गुरुवारपर्यंत उठतील," ती म्हणाली.

मिस्टर दारात उभे राहून ऐकत होते. "पितृपक्षात चाशनी?" ते म्हणाले. "आईनं कधी होऊ दिली नाही. आणि तीही तिच्याच तिथीला?"

मला राग यायला पाहिजे होता. पण त्यांचा चेहरा पाहून नाही आला. म्हशी जातील ह्याची भीती त्यांनाही होती, आणि आईचीही होती.

"अहो," मी म्हटलं, "ह्या पंधरवड्यात आपण करतो तरी काय? जे दिसत नाहीत त्यांना जेवू घालतो ना? कावळ्याला घातलं, गाईला घातलं, कुत्र्याला घातलं. आणि जे आपल्याच अंगणात रात्रंदिवस आपली घाण निस्तरतात, त्यांना आपण दारं लावून उपाशी ठेवलं. आई असत्या तर त्यांनी आधी कोणाचं पान वाढलं असतं, तुम्हीच सांगा."

ते वळले. आत गेले. मला वाटलं रुसले. पण दुकानाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि साखरेचा डबा छातीशी धरून तेच बाहेर आले.

मी घाईघाईनं सवाष्णीच्या रिकाम्या पाटासमोरची खिरीची वाटी उचलून आणली. यशश्री ओरडली, "दूध नको मामी! दूध कुजलं की पुन्हा अमोनिया! नुसती साखर."

"कसले पाहुणे बाई, खीर चालत नाही!"

तिनं मगानं मापून साखर विरघळवली. जास्त नको म्हणाली, न खाल्लेली साखर नाल्यात गेली तर तीही घाणच. ते गोड पाणी मिस्टरांनी पाइपातून सोडलं, दोन्ही हातांनी, तर्पणाला सोडतात तसं. मग मीही एक रिकामं पान फरशीवर मांडलं. कशाला मांडलं? मला विचारू नका. वाटलं म्हणून मांडलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी फिकी गुलाबी होती. मी फटीला डोळा लावून बसली, तर एक बुडबुडा. मग बराच वेळ काही नाही. मग दोन-तीन एकदम. मी इतक्या मोठ्यानं ओरडली की गोठ्यातली रेडी बिचकली. बुधवारी पट्टी पांढरी शुभ्र निघाली आणि मुंग्याही परत आल्या. मी त्यांना काही बोलली नाही.

गुरुवारी ऑफिसातला माणूस आला, बाटली भरून घेऊन गेला. अमावास्येच्या आदल्या दिवशी फोन आला, पाणी पास, म्हशी राहू द्या. मिस्टर गोठ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी पाहायला गेली तर म्हाताऱ्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसतेच उभे होते.

"आता अंजनीची विहीर?" मी यशश्रीला विचारलं.

"ती लगेच नाही सुधरणार मामी. जमिनीत जे उतरलं ते उतरलं. आता नवीन जाणार नाही, पण जुनं धुऊन निघायला कितीतरी पावसाळे लागतील." हे ऐकलं आणि माझा आनंद निम्मा झाला. खोटं काहून बोलू?

सर्वपित्रीच्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. अंजनी. कापडी पिशवी काखेत, पदर घट्ट खोचलेला. आत येईना, बाहेर जाईना.

"नवमीला बोलावलं नाहीस," ती म्हणाली.

"तू ऑफिसात जाताना मला बोलावलं होतं का?"

"तुला सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"हौ, भांडली असती."

"नातवाचं तोंड पाहिलं की मला भांडायचंही त्राण नव्हतं गं," ती म्हणाली.  

तिनं पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला गुळाचा खडा काढला आणि माझ्या हातात दिला. "भाऊजी भेटले होते, सांगत होते. हे तुमच्या त्या टाक्यातल्यांना. उपाशी होते म्हणे."

 तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "नवमीचं पान अजून बाकी आहे. बस."

ती त्याच पाटावर बसली. मी वाढलं, माझंही पान तिच्याजवळ घेतलं. मिस्टरांनी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं तो हळूच बाजूला सारला, पिशवीतून आपली बाटली काढली, विकतच्या कॅनचं पाणी भरलेली, आणि पानाशी ठेवली.

माझ्या घरी! माझ्या सासूच्या पानावर बसून ही आपलं पाणी पिणार! आमचा बोर उताराच्या वर आहे, त्याचं पाणी चांगलं आहे, हे सांगायला माझी जीभ सरसावली. आणि मग मला दिसलं की ती बाटली लहान मुलाची होती, वर अस्वलाचं चित्र होतं. ह्या बाईला आता कोणाच्याच घरच्या पाण्याचा भरवसा राहिला नव्हता.

मी माझ्या पेल्यातलं पाणी अंगणात फेकलं आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

"ओत," मी म्हटलं.

"काहून?"

"तुझी विहीर सुधरेपर्यंत तू आलीस की मीही तुझंच पाणी पिणार."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग झाकण काढलं आणि अर्धी बाटली माझ्या पेल्यात ओतली.